हमी असलेला चौकोन

साशंक : सुडोकूत अंक असतात, परंतु संख्या नसतात, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. नऊ आडव्या रांगा आणि नऊ उभे स्तंभ यांनी तयार झालेला ८१ घरांचा चौकोन, त्याचे प्रत्येकी नऊ घरांच्या नऊ पेट्यांत केलेले विभाजन, आणि प्रत्येक रांगेत, प्रत्येक स्तंभात व प्रत्येक पेटीत १ ते ९ हे अंक एकेकदाच यावेत ही अट, एवढ्यावर हे कोडे उभे असते. त्यात बेरीज नाही, गुणाकार नाही, आणि सात हा सहापेक्षा मोठा आहे या माहितीचाही काही उपयोग नाही. अंकांच्या जागी नऊ अक्षरे लिहिली, किंवा कर्जत-३, कर्जत-७, कर्जत-१८४ अशी भाताच्या जातींची नावे लिहिली, तरी कोडे जसेच्या तसे राहते. काकुरो किंवा केनकेन या भावंडांत बेरीज-गुणाकार येतात खरे, पण तेही प्राथमिक शाळेच्या पलीकडचे नसतात. कर्जतहून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतचे अंतर सुमारे शंभर किलोमीटर आहे, खोपोलीचा प्रवासी त्याहून पंधरा किलोमीटर मागून निघतो, आणि या दोन तासांहून अधिक लांबलेल्या प्रवासात वर्तमानपत्राची घडी मांडीवर घेऊन तो जे उत्तर काढतो, ते कोडे रचणाऱ्याला आधीच ठाऊक असते व दुसऱ्या दिवशीच्या अंकात छापूनही येते. जे ठाऊक आहे तेच पुन्हा शोधण्याच्या या श्रमाला विचार म्हणावे काय, असा मूळ आक्षेप आहे. मेंदू तल्लख राहतो या समर्थनाबद्दल एवढेच म्हणता येईल की, अशा सरावाने त्याच जातीची कोडी सोडवण्याचा वेग वाढतो. तो वेग घरातल्या, कचेरीतल्या किंवा शेतातल्या निर्णयांत उतरतो, हे कोणी पटेल अशा रीतीने दाखवलेले नाही.

रसिक : अंक ही केवळ चिन्हे आहेत, हे पूर्ण मान्य, किंबहुना कोड्याचा गुण नेमका तोच आहे. शब्दकोडे सोडवणाऱ्याला शब्दसंपत्ती लागते, पुराणकथा आणि नटनट्यांची नावे लागतात, म्हणजे ज्याच्या घरात पुस्तके होती त्याला तेथे आपोआप झुकते माप मिळते. सुडोकूत चौथी पास झालेला आणि पदवीधर हे एकाच रेषेवरून निघतात, कारण जी माहिती लागते ती सगळी पानावरच छापलेली असते. उरते ते शुद्ध अनुमान. समजा, एका पेटीत पाचाचा आकडा अजून यायचा आहे आणि तीन घरे रिकामी आहेत. त्यांपैकी एका घराच्या रांगेत पाच आधीच आहे, दुसऱ्याच्या स्तंभात आहे, तेव्हा तिसरे घर पाचाचेच. या वाक्यात ‘बहुधा’ नाही आणि ‘तज्ज्ञांच्या मते’ही नाही. ज्या समाजात बहुतेक विधाने अधिकाराच्या जोरावर मान्य केली जातात, तेथे आपल्या प्रत्येक पावलाचे कारण सांगता येण्याची सवय रोज अर्धा तास लागत असेल, तर ती क्षुल्लक म्हणता येत नाही. या कोड्याचा इतिहासही हेच सांगतो. अमेरिकेतील इंडियानापोलिसचे वास्तुविशारद हॉवर्ड गार्न्स यांनी रचलेले कोडे १९७९ मध्ये डेल या प्रकाशनसंस्थेच्या मासिकात ‘नंबर प्लेस’ या नावाने आले, १९८४ मध्ये जपानच्या निकोली या संस्थेने ते उचलून त्याला आजचे नाव दिले, आणि हाँगकाँगमधील निवृत्त न्यायाधीश वेन गोल्ड यांच्या आग्रहाने नोव्हेंबर २००४ मध्ये ते लंडनच्या ‘द टाइम्स’मध्ये छापले गेले. त्यानंतर वर्षभरात जगभरच्या वर्तमानपत्रांत ते पसरले, त्याचे कारण हेच की त्याला भाषांतर लागत नाही.

साशंक : गोल्ड यांचे नाव आपण घेतले हे बरेच झाले, कारण आक्षेपाचे टोक तेथेच आहे. त्यांनी पाठवले ते एखादे कोडे नव्हते. सहा वर्षे खपून लिहिलेला, कोडी तयार करणारा संगणकीय कार्यक्रम त्यांच्याजवळ होता, आणि त्या कार्यक्रमाचे मुख्य काम प्रत्येक कोड्याला एक आणि एकच उत्तर आहे याची खात्री करणे हे होते. सुडोकू सोडवणारा ज्या निश्चिततेचा अभिमान बाळगतो, ती अशी दुसऱ्याने आधीच मोजून दिलेली असते. याचा सर्वांत बोलका पुरावा मुरलेल्या खेळाडूंच्या एका युक्तीत सापडतो. दोन रांगा, दोन स्तंभ आणि दोनच पेट्या यांत बसणारी चार घरे घ्यावीत. त्यांपैकी तिघांत ४ आणि ७ हे दोनच अंक संभवतात, आणि चौथ्यात ४, ७ किंवा २ संभवतो, असे समजावे. चौथ्यातही ४ किंवा ७ आला, तर या चार घरांतील चौके आणि सत्ते आपापसांत बदलूनही सगळ्या अटी पाळल्या जातील, म्हणजे कोड्याला दोन उत्तरे होतील. पण कोड्याला एकच उत्तर असते, म्हणून चौथ्यात २ लिहावा, असा हा युक्तिवाद आहे. येथे अनुमानाचा आधार चौकोनात लिहिलेला एकही अंक नाही, तर छापणाऱ्याच्या शब्दावरचा विश्वास आहे. अधिकाराच्या जोरावर विधाने मान्य करण्याची सवय मोडणारे म्हणून ज्याची स्तुती झाली, त्या खेळाच्या गाभ्यातच एक अधिकार बसलेला आहे आणि त्याला प्रश्न विचारण्याची पद्धत त्या खेळात नाही. शेतकऱ्याला, वैद्याला किंवा न्यायाधीशाला (गोल्ड यांनाही त्यांच्या पहिल्या व्यवसायात) अशी हमी कोणी देत नाही.

रसिक : शेतकऱ्याचा उल्लेख झाला तर मग शेतातच जावे, कारण या चौकोनाचे एक जुने घर तेथे आहे आणि ते शोधायला कर्जत तालुक्याबाहेर जाण्याची गरज नाही. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषि विद्यापीठाचे प्रादेशिक संशोधन केंद्र कर्जतला आहे आणि भात हा त्याचा मुख्य विषय आहे; वर ज्यांची नावे आली त्या जाती आणि ‘सह्याद्री’सारखे संकरित वाण तेथूनच आले. आता अशा केंद्रावर नवी जात जुन्या जातीपेक्षा खरोखरच अधिक पिकते काय, हे ठरवायचे झाले, तर अडचण कोठे येते ते पाहावे. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या या भागात तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. वरच्या खाचरातून बांध ओलांडून पाणी खालच्या खाचरात उतरते, आणि त्याबरोबर बारीक माती व खतही उतरते. त्यामुळे डोंगराकडून नदीकडे जाताना जमिनीचा कस बदलत जातो. शिवाय पाटाजवळचा भाग आणि दूरचा भाग यांतही फरक पडतो, म्हणजे बदल दोन दिशांनी होतो. एक जात खालच्या अंगाला आणि दुसरी वरच्या अंगाला लावली, तर पिकले ते बियाणे की जमीन, हे सांगता येणार नाही. यावर इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील कृषि संशोधन केंद्रात काम करणारे संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२०च्या दशकात जो उपाय रूढ केला, तो लॅटिन चौरसाचा. शेताचे जितक्या जाती तितक्या रांगा आणि तितकेच स्तंभ पाडायचे, आणि प्रत्येक जात प्रत्येक रांगेत एकदाच व प्रत्येक स्तंभात एकदाच येईल अशी मांडणी करायची, म्हणजे प्रत्येक जातीच्या वाट्याला चढ-उताराच्या दोन्ही दिशांची चांगली-वाईट जमीन सारखीच येते. भारतात ही पद्धत शिकवणारे सर्वांत वापरातले पुस्तक दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांचे आहे. विनायक गोविंद पानसे आणि पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा १९५४ मध्ये भारतीय कृषि संशोधन परिषदेने काढलेला हा ग्रंथ कृषि महाविद्यालयांत ‘पानसे-सुखात्मे’ एवढ्याच नावाने ओळखला जातो. एवढ्यावर हे थांबत नाही. एखाद्या शेतात कस असा सरळ उताराने न बदलता ठिकठिकाणी डबक्यांसारखा बदलत असेल, तर रांग आणि स्तंभ पुरत नाहीत. म्हणून जर्मन संख्याशास्त्रज्ञ बेरेन्स यांनी १९५६ मध्ये असे सुचवले की चौरसाचे आणखी सारख्या आकाराचे विभाग पाडावेत आणि प्रत्येक विभागातही प्रत्येक जात एकदाच यावी. नऊ जाती, नऊ रांगा, नऊ स्तंभ आणि प्रत्येकी नऊ वाफ्यांचे नऊ विभाग घेतले, तर मिळणारा आराखडा म्हणजे सुटलेले सुडोकू होय. गार्न्स यांचे कोडे छापले जाण्याच्या तेवीस वर्षे आधी ते शेतीच्या शास्त्रात येऊन बसले होते. ज्याला रिकामपणाचा उद्योग म्हटले गेले, त्याची अट भुकेच्या प्रश्नातून निघालेली आहे.

येथपर्यंतच्या वादात दोन्ही पक्षांनी एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली दिसते, ती अशी की चौकोन तोच असेल तर त्यामागचा विचारही तोच असावा. पुढील भाषणात साशंक ते गृहीत सोडतो, आणि वादाला खरी धार तेथून येते.

साशंक : सुटलेले सुडोकू, हा आपलाच शब्द धरावा. कोडे सोडवणाऱ्याचे काम जेथे संपते तेथे प्रयोग करणाऱ्याचे काम सुरू होते. शेवटच्या घरात अंक लिहिला की प्रवासी वर्तमानपत्र घडी करून ठेवतो. आराखडा पूर्ण झाला की संशोधकाला अजून राब भाजायचा असतो, रोपे तयार करायची असतात, लावणी, बेणणी, कापणी आणि मळणी व्हायची असते, आणि त्यानंतर ८१ वाफ्यांचे ८१ आकडे हाती येतात, जे कोणालाही आधी ठाऊक नव्हते. ते आकडे एकमेकांशी जुळतही नाहीत. एकच जात नऊ वाफ्यांत नऊ वेगळी उत्पादने देते आणि या फरकालाच शास्त्रात प्रयोगत्रुटी म्हणतात, म्हणजे चूक नव्हे, तर जमिनीचा, पाण्याचा व किडीचा हिशेबाबाहेर उरलेला वाटा. घराच्या कडेचेही तसेच आहे. सुडोकूत दोन घरांमधली रेघ ही निव्वळ रेघ असते. शेतात वाफ्याच्या कडेच्या रोपांना ऊन आणि जागा जास्त मिळते, म्हणून कडेच्या ओळी सोडून आतले पीक मोजतात. पीक-कापणीसाठी लहान तुकडे घ्यावेत की मोठे, यावर प्रशांतचंद्र महालनोबिस आणि सुखात्मे यांच्यात जो प्रसिद्ध मतभेद झाला, त्यात लहान तुकड्याच्या सीमेवरची रोपे आत धरली जाऊन उत्पादन फुगते, हाच सुखात्मे यांच्या बाजूचा एक प्रमुख मुद्दा होता. पण सर्वांत मोठा फरक याहून खोल आहे. सुडोकूचे एकूण पूर्ण चौकोन किती, याची मोजणी २००५ मध्ये फेल्गेनहावर आणि जार्विस यांनी केली आणि ती संख्या बावीस अंकी, म्हणजे ६६७ वर एकोणीस शून्ये एवढ्या आसपासची निघाली. कोडे रचणारा काही अंक आधीच छापून या अफाट संख्येला एकावर आणतो. निदान सतरा अंक दिल्याशिवाय ते साधत नाही, हे डब्लिनच्या गॅरी मॅकग्वायर यांच्या गटाने २०१२ मध्ये संगणकाने तपासून दाखवले. फिशर यांची शिकवण याच्या अगदी उलट होती. संशोधकाने नियमात बसणाऱ्या सर्व चौकोनांतून एक चिठ्ठी टाकून उचलावा, स्वतःच्या आवडीने नव्हे, कारण निवड त्याच्या हाती गेली की त्याचा कल प्रयोगात शिरतो आणि त्रुटीचा अंदाज खोटा ठरतो. म्हणजे कोड्यासाठी उत्तरांची अनेकता हा दोष आहे, तर प्रयोगासाठी ती अनेकता हेच भांडवल आहे. एकाच चौकोनाचे हे दोन वापर केवळ वेगळे नाहीत, ते परस्परांच्या विरुद्ध दिशेने जातात.

रसिक : ही विरुद्धता मान्य करावी लागेल, आणि लॅटिन चौरस म्हणजेच सुडोकू, हे सोपे समीकरणही मागे घ्यावे लागेल. तरीही आपल्या मांडणीत कोडे म्हणजे नेहमी हमी असलेले कोडे, असे धरले आहे, आणि ते इतिहासाला धरून नाही. लेओनहार्ड ऑयलर यांनी अठराव्या शतकात मांडलेला एक चौकोनी प्रश्न घ्यावा : सहा पलटणींतून सहा वेगवेगळ्या हुद्द्यांचे असे छत्तीस अधिकारी सहा रांगांत व सहा स्तंभांत उभे करायचे, पण कोणत्याही रांगेत किंवा स्तंभात ना पलटण दुसऱ्यांदा यावी ना हुद्दा. म्हणजे दोन लॅटिन चौरस एकावर एक ठेवायचे आणि प्रत्येक जोडी एकदाच यावी अशी दक्षता घ्यायची. अशा चौरसांना परस्परलंब म्हणतात. ऑयलर यांना ही मांडणी जमली नाही, आणि १७८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी असा तर्क केला की सहाप्रमाणेच दहा, चौदा, अठरा अशा, चाराने भागल्यास दोन उरणाऱ्या कोणत्याही आकाराला ती जमणार नाही. सहाच्या बाबतीत ते बरोबर होते, हे गास्तों तारी यांनी १९०१ मध्ये सर्व शक्यता तपासून दाखवले. दहाचे काय, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. तेथे कोणी छापणारा नव्हता, दुसऱ्या दिवशीचा अंक नव्हता, आणि उत्तर एक आहे, अनेक आहेत की मुळीच नाही, याचा शब्द कोणी दिलेला नव्हता. तो प्रश्न १९५९ मध्ये राजचंद्र बोस, शरदचंद्र शंकर श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर यांनी सोडवला. बोस-श्रीखंडे यांनी बावीसच्या आकाराची जोडी उभी केली, पार्कर यांनी दहाची, आणि पुढे तिघांनी मिळून सहाहून मोठ्या अशा सर्व आकारांसाठी ऑयलर यांचा तर्क खोटा असल्याचे सिद्ध केले. ही बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पहिल्या पानावर छापली. श्रीखंडे हे नागपुरात शिकलेले आणि पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागाची धुरा वाहिलेले गणिती. सुडोकूच्या चाहत्या मराठी वाचकांत त्यांचे नाव जेवढे ठाऊक असायला हवे तेवढे ते नाही, याची खंत वाटते. बोस तर प्रयोगरचनेच्या, म्हणजे शेतीच्या प्रश्नांच्या ओढीनेच या चौरसांकडे वळलेले होते. निव्वळ करमणुकीचा प्रश्न शेतात गेला, आणि शेतातला माणूस परत येऊन करमणुकीचा प्रश्न सोडवून गेला. मग हमी नसलेला चौकोन हा फक्त शेताचा वारसा कसा म्हणता येईल?

साशंक : श्रीखंडे यांचे काम कोणीही क्षुल्लक म्हणणार नाही, पण ते उदाहरण आपल्या पक्षाला जेवढे बळ देते तेवढेच काढूनही घेते. ऑयलर, तारी आणि श्रीखंडे यांची तुलना करायची तर ती कोडे सोडवणाऱ्याशी होत नाही, रचणाऱ्याशी होते. निकोलीसाठी हाताने सुडोकू रचणाऱ्या माणसाला कोणता अंक उघड ठेवावा आणि कोणता झाकावा, याचा शोध घेताना कोणतीच हमी नसते. एकच उत्तर उरते हे त्याचे त्यालाच पटवून घ्यावे लागते. विचार तेथे आहे, हे मान्य. वाचकापर्यंत मात्र त्या विचाराचे फळ तेवढे पोहोचते, प्रक्रिया पोहोचत नाही. म्हणून एक पर्याय सुचवावासा वाटतो : कर्जत-खालापूरच्या शाळांत ही कोडी न्यायची असतील, तर त्यांतील काही दोन उत्तरांची असावीत, काहींना उत्तरच नसावे, आणि कोणते कोडे कोणत्या जातीचे हे विद्यार्थ्याला सांगू नये. ‘उत्तर सापडले’ आणि ‘उत्तर नाही हे दाखवले’ या दोन्हींना सारखेच गुण द्यावेत. वर्तमानपत्राने एक दिवस तरी असे कोडे छापून पाहावे. दुसऱ्या दिवशी संपादकांकडे येणारी पत्रे चुकीच्या छपाईची तक्रार करणारी असतील, आणि वाचकाला या खेळाने काय शिकवले ते त्या तक्रारींतून दिसेल.

रसिक : सूचना उत्तम आहे, फक्त ती आधीच्या पायरीशिवाय टिकणार नाही. ज्याने एकदाही पूर्ण निश्चित अनुमान केलेले नाही, त्याच्या हाती उत्तर नसलेले कोडे दिले, तर ‘उत्तर नाही’ आणि ‘मला सापडत नाही’ यांतला भेद तो कशाने करणार? तो भेद करण्याची कसोटी हमी असलेल्या कोड्यातच तयार होते, कारण तेथे अडले तर दोष आपल्या तर्काचा आहे हे नक्की असते. याचा व्यवहारातला उपयोगही दाखवता येतो. भाताची पैसेवारी जाहीर होते, म्हणजे गावाचे पीक नेहमीच्या तुलनेत किती आले हे पैशांत सांगितले जाते, आणि ती पन्नासच्या वर की खाली यावर दुष्काळी सवलती अवलंबून असतात. पीकविम्यासाठीही निवडलेल्या शेतांत कापणी प्रयोग होतात. हे आकडे पटले नाहीत की गावात आरडाओरडा होतो, पण हे शेत का निवडले, चिठ्ठी कोणी टाकली, कडेच्या ओळी धरल्या की सोडल्या, असे विचारणारे थोडे असतात. या घरात हाच अंक का, हे रोज विचारणाऱ्याला तसा प्रश्न सुचणे अधिक संभवनीय नाही काय?

साशंक : तो प्रश्न विचारील, पण एकाच उत्तराच्या अपेक्षेने विचारील. प्रयोगाच्या शेवटी संख्याशास्त्र जे सांगते ते असे असते : जातींत प्रत्यक्षात काहीच फरक नसता, तर एवढा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता शंभरात पाचांहून कमी आहे. म्हणजे जेथे खरा फरक नाही अशा वीस प्रयोगांतून एखादा फसवा निघेल, हे गृहीत धरूनच पद्धत चालते. चौकोनात एक घर चुकले तर सगळे कोडे चुकले, या सवयीने वाढलेल्या मनाला ही भाषा एकतर फसवेगिरी वाटेल, किंवा त्यातली पाच टक्क्यांची अट विसरून ते निकालाला सिद्धांत समजेल. दोन्ही परिणाम शेताला घातक आहेत.

रसिक : पण पाच टक्केच का, तीन किंवा दहा का नाहीत? ती मर्यादा जमिनीतून उगवलेली नाही; फिशर यांच्या पुस्तकांतून रूढ झालेला तो एक सोयीचा संकेत आहे, आणि कर्जतच्या खाचरात त्याने किती चांगली बियाणी बाजूला पडली असतील किंवा किती सामान्य बियाणी पुढे आली असतील, हे त्या संकेताने कळत नाही. तो संकेत आहे हे ओळखण्यासाठी, ज्याचे कारण देता येते आणि ज्याचे देता येत नाही यांतला फरक कोठेतरी स्वच्छ अनुभवलेला असावा लागतो. छापणाऱ्याच्या हमीवर उभे राहून चौथ्या घरात २ लिहिणाऱ्या खेळाडूंतही असे पुष्कळ आहेत, ज्यांना ती युक्ती चालते हे ठाऊक असूनही ती वापरणे अप्रशस्त वाटते आणि जे हमी बाजूला ठेवून तोच २ दुसऱ्या मार्गाने सिद्ध करू पाहतात. त्यांना ही अस्वस्थता कोणी शिकवली, हे आपल्या आक्षेपातून अजून समजलेले नाही.